‘मॅडम, तेवढं नकाराचं लिहून द्या’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं असं की बाकी कुठं का असेना पण हायस्कूलच्या मास्तरकीत बाईमाणूस नि बाप्यामाणूस असा फरकच नाही, स्केल सरकार ठरवतं, पगार शालार्थ म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीमधून थेट बँकेत पडतो, मग उगाच अन्याय अन्याय कशाला करायचं. पत्र वाचल्यापासून डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय. मी सोलापुरातल्या एका खाजगी अनुदानित हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवून २०२४ ला रिटायर झाले. त्या गृहस्थांचं एवढं बरोबर आहे की पगाराच्या स्लिपवर बाई का बुवा हे कुठं लिहिलेलं नसतं. पण स्लिपवरचा आकडा तिथपर्यंत कसा येतो, कुणाचा लवकर येतो, कुणाचा उशिरा येतो नि कुणाचा येतच नाही, हे त्यांनी बघितलेलं दिसत नाही. मी बघितलंय, माझ्यावरनंच गेलंय.

माझी आई शहराच्या पूर्व भागात विडी वळायची. सोलापुरात हे घरोघरचं आहे, नव्यानं सांगायला नको. हजार विड्यांचा रेट सगळ्या बायकांना एकच, त्यात भेदभाव नाही. पण शनिवारी हातात पडणारा पैसा सगळ्यांचा सारखा नसायचा कारण एकीच्या मांडीवर तान्हं पोर, एकीच्या घरी म्हातारं आजारी, एकीला पान भिजवायला वेळ मिळाला नाही, नि कारखान्यात बसून चांगली विडी खराब विडी निवडून बाजूला काढणारा माणूस मात्र बाप्याच. रेट सारखा म्हणजे कमाई सारखी नव्हे हे मला आईच्या सुपाशेजारी बसून अभ्यास करताना कळलं होतं, पण पुढं स्वतः सरकारी स्केलमध्ये आले नि तेच विसरले. वाटलं आपण आता त्यातनं सुटलो.

आता मूळ मुद्द्याला येते. सातव्या वेतन आयोगात बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाला एस-१४ म्हणजे ३८६०० पासून सुरुवात आहे नि त्याच हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकाला एस-१० म्हणजे २९२०० पासून. बेसिकमध्येच ९४०० चा फरक, वर महागाई भत्ता त्याच बेसिकवर टक्क्यानं, घरभाडं टक्क्यानं, दरवर्षीची ३ टक्के वाढही बेसिकवरच, म्हणजे अंतर वाढतच जातं. आता डी.एड.च्या जागांवर कोण बसलंय ते कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन बघा. आमच्या पिढीत मुलगी बारावी झाली की बाप म्हणायचा दोन वर्षांत डी.एड. करून टाक, नोकरी लागली की लग्न जमतं. त्याच घरातला भाऊ मात्र बी.एस्सी. करायचा, मग बी.एड. करायचा, त्याच्या चार वर्षांना घरातून पैसा मिळायचा. माझ्या एका मैत्रिणीनं नोकरी करत, दोन पोरं सांभाळत बाहेरून बी.ए. केलं नि पुढं बी.एड. केलं, तोवर चाळिशी आली. ट्रेन्ड ग्रॅज्युएट म्हणजे बी.एड. झालेल्या पदवीधरांच्या ज्येष्ठता यादीत तिची सेवा मोजली गेली ती बी.एड. झाल्यानंतरची. आधीची इतकी वर्षं तिनं त्याच शाळेत, त्याच खडूनं, त्याच फळ्यावर शिकवलेलं, पण त्या यादीत नाही. नियम बाई बघून केलेला नाही हे मला मान्य आहे, पण तो लागू कुणाला होतो तेही बघा ना.

दुसरी गोष्ट लग्नाची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदली मागता येते, पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय आहे. खाजगी अनुदानित शाळेत ज्येष्ठता त्या त्या संस्थेपुरती, संस्था बदलली की यादीत तुम्ही सगळ्यात खाली. मी जून १९८९ ला पंढरपूर तालुक्यातल्या एका हायस्कूलला लागले, खोली घेऊन राहायचे, मुलं हुशार होती, हेडमास्तर भले होते, त्यांनी मला टाइमटेबल लावायला शिकवलं, परीक्षेचं रेकॉर्ड कसं ठेवायचं ते शिकवलं. १९९३ ला लग्न ठरलं, मिस्टर सोलापूरला बँकेत, सासरी म्हातारी माणसं. कुणी विचारलंसुद्धा नाही की तू नोकरी सोडणार का, धरूनच चाललेलं. मिस्टरांना पंढरपूरला बदली मागता आली असती हे आज लिहिताना माझ्या लक्षात येतंय, तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. राजीनामा दिला, वर्षभर घरी बसले, जून १९९४ ला सोलापुरात दुसऱ्या संस्थेत लागले. पहिली चार वर्षं ज्येष्ठतेच्या यादीत शून्य. माझ्या ओळखीच्या बायकांत अशी एकदा तरी पाटी पुसून परत सुरुवात केलेल्या पुष्कळ आहेत. बायकोच्या गावी राहायला जायचं म्हणून राजीनामा दिलेले सर मला माझ्या सगळ्या नोकरीत एकही भेटले नाहीत.

आता मुख्य सांगायचंय ते सांगते. याच्यासाठीच पत्र लिहितेय.

खाजगी शाळांतल्या नोकरीसाठी आपल्याकडं १९७७ चा कायदा आहे नि त्याचे १९८१ चे नियम आहेत. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की पात्र शिक्षकांमधला सेवाज्येष्ठ, ज्याचं सेवेचं रेकॉर्ड चांगलं आहे, त्याला ती द्यायची असा नियम आहे. संस्थाचालकाला मनात येईल त्याला उचलून खुर्चीत बसवता येत नाही. पण त्याच नियमात एक दार आहे, सेवाज्येष्ठ शिक्षकानं स्वतःच्या मर्जीनं शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी दिलं की मला हे पद नको, तर पुढच्याचा नंबर लागतो. त्याला आमच्यात ‘नकार’ म्हणतात. ‘बाईंचा नकार आलाय का’, ‘नकार घेऊन ठेवा’ असं सहज बोलतात लोक.

२०१६ ला आमचे हेडमास्तर रिटायर होणार होते. यादीत माझा नंबर पहिला, माझ्यामागं एक सर, ते १९९५ ला लागलेले. माझा दहावीचा गणिताचा निकाल चांगला असायचा, गोपनीय अहवालात कधी एक शेरा वाईट नाही. त्या वर्षी सासूबाईंना पॅरालिसिस झालेला, अंथरुणावरच होत्या, मुलगी बारावीला. जागा रिकामी व्हायच्या आधी महिनाभर संस्थेची दोन माणसं आमच्या घरी आली. शाळेत नाही बोलले, घरी आले, मिस्टरांशी बोलले. मी चहा करत होते. ‘वहिनींची ओढाताण व्हायलीय सर, आम्हाला दिसतंय की. हेडमास्तरकी म्हणजे रात्री-अपरात्री फोन, पुण्याच्या चकरा, कोर्टाच्या तारखा, संचमान्यतेचं म्हणजे मंजूर पदांचं लफडं, पोरांची भांडणं, पोलिसांपर्यंत जातंय कधीकधी. बाईमाणसाला कशाला तो ताप.’ मिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना खरंच माझी काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी शाळेत क्लार्कनं कोरा कागद पुढं ठेवला नि म्हणाला, ‘मॅडम, तेवढं नकाराचं लिहून द्या, तुमच्या अक्षरात पाहिजे.’ मजकूर त्यांनीच सांगितला, ‘कौटुंबिक अडचणीमुळे मी स्वखुशीने’ वगैरे. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, मुलं म्हणायची बाईंचं अक्षर छापल्यासारखं. त्या छापल्यासारख्या अक्षरात मी माझं पद लिहून दिलं. कागद पुढं गेला, मंजूर होऊन आला, संपलं.

कुणी विचारेल जबरदस्ती केली का? नाही केली. आवाजसुद्धा चढवला नाही. पण एक सांगते, त्याच सरांच्या घरी त्यांच्या आईला त्याच वर्षी कॅन्सर होता, सगळ्या स्टाफला माहीत होतं. त्यांच्या घरी जाऊन कुणी त्यांच्या बायकोला म्हणालं नाही की वहिनी, सरांची ओढाताण होईल, तुम्ही त्यांना समजवा. माझ्या घरातलं आजारपण अडचण झालं नि त्यांच्या घरातलं झालं नाही, कारण त्यांच्या घरी बघायला बायको होती नि माझ्या घरची ती बायको मीच होते.

सर माणूस म्हणून चांगले. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. सात वर्षं ते हेडमास्तर होते नि सात वर्षं टाइमटेबल मी लावलं, शाळा तपासणी आली की रेकॉर्ड मी काढलं, स्कॉलरशिपचे फॉर्म, सरकारला पाठवायची यू-डायसची माहिती, दहावीचे इंटर्नल मार्क, ‘मॅडम तुम्हीच बघा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.’ म्हणजे काम झेपत होतं की. ज्या कामाला मी झेपणार नाही म्हणून माझ्याकडनं लिहून घेतलं त्यातलं निम्मं काम मीच केलं, माझ्या सहशिक्षिकेच्या पगारात, नि सासूबाईंचंही केलं. त्या २०१९ ला गेल्या. २०१९ पासून माझ्या घरी अडचण काहीच नव्हती.

२०२३ ला सर रिटायर झाले. माझं एक वर्ष राहिलेलं. मी सेक्रेटरींना भेटले, म्हटलं आता माझा विचार करा. ते म्हणाले मॅडम तुम्ही २०१६ ला नकार दिलाय ना, आता कसं होणार, एकदा दिला की गेला. मी त्यावर विश्वास ठेवला. गणिताची बाई मी, मुलांना सांगते सूत्र पाठ करू नका, कुठनं आलं ते बघा, नि मी स्वतः नियम उघडून बघितला नाही. पुढच्या नंबरचे सर हेडमास्तर झाले. रिटायर झाल्यावर माझा एक विद्यार्थी, आता वकिली करतो, दिवाळीला भेटायला आला तेव्हा बोलता बोलता विषय निघाला नि त्यानं मोबाइलवर नियम उघडून दाखवला. नियम ३ मध्ये स्पष्ट आहे की एकदा पद नाकारलं म्हणून पुढं जागा रिकामी होईल तेव्हाचा हक्क जात नाही. २०१६ चा नकार फक्त २०१६ च्या जागेपुरता होता. २०२३ ची जागा माझी होती. त्यानं हेही दाखवलं की डावलून दुसऱ्याला प्रमोशन दिलं तर त्याच कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची. न्यायाधिकरण आपल्या सोलापुरातच आहे, कुठं मुंबईला जायचं नव्हतं. माझे ३० दिवस कधीच उलटून गेलेले. तो बिचारा परत परत म्हणत होता बाई तुम्ही मला तेव्हा एक फोन करायचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लोक म्हणतात पगारात काय एवढा फरक पडतो, एक इन्क्रिमेंट नि वरची श्रेणी. एका महिन्याला बघितलं तर फार वाटत नाही. पण १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या आम्हा लोकांची पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी धरतात, म्हणजे तो फरक मरेपर्यंत दर महिन्याला. त्यानंतर लागलेल्या मुलींना तर जुनी पेन्शनच नव्हती, त्यांचं सगळं नोकरीत कापल्या जाणाऱ्या रकमेवर, पगार कमी तर साठणारंही कमी. आणि १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी असते, त्यातली निवड श्रेणी सगळ्यांना मिळत नाही, २० टक्के पदांनाच, तीही ज्येष्ठतेनं. म्हणजे लग्नात यादीत खाली गेलेली बाई प्रमोशनला मागं, निवड श्रेणीला मागं नि पेन्शनलाही मागं. एकाच जागी घसरलेलं पाऊल तीन ठिकाणी पडतं.

पैशापेक्षा मला दुसरंच जास्त लागतं खरं तर. एकदा सर आजारी होते म्हणून मुख्याध्यापकांच्या मीटिंगला मी गेले. हॉल भरलेला, सगळे सरच सर, बायका बोटावर मोजण्याइतक्या, त्याही एका बाकावर एकत्र बसलेल्या. शाळेच्या वेळा, परीक्षा केंद्रं, सगळं तिथं ठरत होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय शेवटी पाच मिनिटांत उरकला. देशात शाळाशिक्षकांची संख्या २०२४-२५ ला एक कोटीच्या वर गेली नि त्यात ५४ टक्के बायका आहेत, केंद्राच्याच यू-डायसची आकडेवारी आहे. मग त्या हॉलमध्ये त्या कुठं गेल्या?

कुठं गेल्या ते स्टाफरूममध्ये दिसतं. जूनमध्ये कामाची वाटणी होते. गॅदरिंगचे डान्स, रांगोळी, पाहुण्यांचं औक्षण, स्वागतगीत, पोषण आहाराची चव बघणं, मुलींच्या अडचणी, हे बायकांकडं. परीक्षा केंद्राचं काम, बांधकाम, क्रीडा, सहल, ऑफिसच्या कामाला पुण्याला जाणं, हे सरांकडं. पंधरा वर्षांनी सुपरवायझर नेमायची वेळ आली की म्हणायचं बाईंना प्रशासनाचा अनुभव नाही. अनुभव येणार कुठनं, दिलाच नाही तर? मी आमच्या तरुण मुलींना सांगायचे, रांगोळी येत असली तरी येत नाही म्हणून सांगा नि टाइमटेबल मागून घ्या.

आणि संस्थेच्या मीटिंगा संध्याकाळी साडेसातला. सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको, आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, ते कुठल्या वेळेला येईल सांगता येत नाही. पाण्याचा दिवस असला की घरात कुणीतरी थांबावंच लागतं, ड्रम भरायचे, टाकी भरायची, नि ते कुणीतरी म्हणजे बाई. मीटिंगला आली नाही की शेरा तयार, मॅडमना शाळेत इंटरेस्ट नाही. दोन-तीनदा मी पाणी सोडून मीटिंगला गेलेय, घरी आल्यावर कोरडे ड्रम बघून रडलेय.

रजेचं एक सांगून टाकते कारण खूप मुलींना माहीत नसतं. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची भरपगारी, ती घेतली म्हणून ज्येष्ठता एका दिवसानंही कमी होत नाही. २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, अनुदानित खाजगी शाळांतल्या बायकांनाही लागू आहे. पण अर्ज दिला की तोंडं वाकडी होतात, ‘तास कोण घेणार’ विचारतात, नि सहा महिन्यांची रजा घेतलेली बाई पुढं दहा वर्षं ‘सारखी रजेवर असते’ म्हणून ओळखली जाते. इलेक्शन ड्युटी, प्रशिक्षण याला सर गेले तेव्हा तास कोण घेतं? आम्हीच घेतो, कुणी बोलत नाही.

आतापर्यंत जे लिहिलं ते तरी नशीबवान बायकांचं, ज्यांना स्केल आहे. होटगी रोडला, विजापूर रोडला, जुळे सोलापूरला ज्या विनाअनुदानित नि स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहेत, इंग्लिश मीडियम म्हणून ज्यांच्या बसगाड्या सकाळी फिरतात, तिथं कोण शिकवतं ते बघा, खालपासून वरपर्यंत मुली. आमच्या कॉलनीतली एक पोरगी एम.एस्सी. बी.एड. आहे, नववी-दहावीला सायन्स शिकवते, हातात नऊ हजार पडतात. बँकेत जास्त जमा होतात, मग वरचे काढून कॅशनं परत द्यायचे, रजिस्टरवर सही जास्तीच्या आकड्यावर. सरकारनं शिक्षणसेवकाचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून माध्यमिकला १८ हजार केलं, ही पोरगी त्याच्या निम्म्यात, नि शिक्षणसेवकाला तीन वर्षांनी स्केल तरी मिळतं, हिला तीसुद्धा आशा नाही. त्याच शाळेत मॅथ्सला एक सर ठेवलेत, त्यांना दुप्पट. कारण विचारलं तर म्हणाले ‘त्यांना घर चालवायचंय, तुमचा नवरा कमावतोय की.’ तिचा नवरा मागच्या वर्षी गेलाय, हे त्या बोलणाऱ्याला माहीतसुद्धा नव्हतं. आणि नसता गेला तरी काय? सारख्या कामाला बाई-पुरुष बघून वेगळा पैसा द्यायचा नाही हे राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात आहे, १९७६ ला त्याचा कायदा झाला. नवरा कमावतो का हे त्यात कुठं विचारलेलं नाही. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी या मुलींचा पगार कुठल्या शालार्थवर बघितला ते मला कळवावं.

मला संघटनांनाही विचारायचंय. आम्ही पण मोर्चाला गेलोय, पूनम गेटसमोर उन्हात बसलोय, जुन्या पेन्शनच्या संपात मार्च २०२३ ला शाळा बंद ठेवल्यात, विनाअनुदानितवाल्यांसाठी वर्गणी दिलीय. पण संघटनेच्या निवेदनात, शिक्षक मतदारसंघाच्या प्रचारात हा विषय कधी आला का? पेन्शन येते, अनुदान येतं, संचमान्यता येते, बायकांचे नकार येत नाहीत. स्टेजवर सत्काराला एक मॅडम लागते, मागण्यांच्या कागदावर एक ओळ चालत नाही.

शिक्षणाधिकारी (माध्यमिक) साहेबांना माझी जाहीर विनंती आहे. ज्येष्ठतेची यादी स्टाफमध्ये फिरवून सह्या घ्यायचा नियम आहेच, ती यादी शाळेच्या बोर्डावर लावायला सांगा, फोटो काढू द्या. नकार आला की त्या शिक्षिकेला समोर बोलवा, सोबत संस्थेचा माणूस नको, क्लार्क नको, नवराही नको, नि दोन प्रश्न विचारा, तुम्हाला हे पद खरंच नको का, नि पुढच्या जागेवर तुमचा हक्क राहतो हे तुम्हाला माहीत आहे का. बास. पाच मिनिटं लागतील. आणि गेल्या दहा वर्षांत जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतनं किती नकार आले, त्यातले बायकांचे किती नि पुरुषांचे किती, फायली ऑफिसात आहेतच, मोजून पेपरात छापा. तुमच्या वार्ताहरालाही हे माहितीच्या अधिकारात मागता येईल, संपादक साहेब, मागा ना. मी बोलतेय ते खोटं ठरलं तर मला आनंदच होईल.

मला माझं काही परत मिळणार नाही, मी मागतही नाही. पण परवा शाळेतली एक जुनी सहकारी घरी आली होती. शाळेत परत जागा रिकामी होतेय, यादीत तिचा नंबर पहिला आहे. येऊन बसली, पाणी प्यायली नि म्हणाली, बाई, काल घरी दोघंजण आले होते, यांच्याशी बोलत होते, मला आतच थांबा म्हणाले. तिच्या मुलाची दहावी आहे या वर्षी. मी तिला म्हटलं, पोराची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते, तुझी नोकरी अजून सहा वर्षं आहे. आधी यादीची झेरॉक्स काढून घरी ठेव, कोऱ्या कागदावर काही लिहू नकोस, नि कुणी पुढच्याला ऑर्डर दिली तर त्या तारखेपासून ३० दिवस मोज. मग वकील विद्यार्थ्याचा नंबर तिच्या वहीत लिहून दिला. दारात चप्पल घालताना म्हणाली, यांना काय सांगू? मी म्हटलं नियम ३ वाचून दाखव, मी येते सोबत. रविवारी संध्याकाळी जाणार आहे तिच्याकडं.

(नाव छापू नये ही विनंती.)

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
सोलापूर